आरशातील मुख आणि छायाचित्रातील मुख : दोन समीक्षारूपकांची तपासणी

मराठी समीक्षेच्या व्यवहारात दोन उपमाने इतकी रुळलेली आहेत की त्यांचा अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. साहित्य हे समाजाचा आरसा आहे, असे म्हटले म्हणजे साहित्याची स्तुती होते. अमुक एक कथा म्हणजे निव्वळ छायाचित्र आहे, असे म्हटले म्हणजे त्या कथेची निंदा होते. पहिले वाक्य शालेय निबंधापासून संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत सर्वत्र आढळते. दुसरे मुख्यतः ग्रामीण आणि वास्तववादी लेखनाच्या परीक्षणांत आढळते. वस्तुतः आरसा आणि छायाचित्र ही दोन्ही यथातथ्य दर्शनाचीच साधने मानली जातात. मग एकाच गुणासाठी एकाचा गौरव व दुसऱ्याचा धिक्कार का व्हावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. समीक्षकाने तो विचारला नसला तरी सामान्य माणसाने आपल्या परीने त्याचे उत्तर दिलेले आहे. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी अर्जाला लावण्यासाठी पासपोर्ट फोटो काढून घेतलेला विद्यार्थी तो हाती पडताच "हा मी नव्हेच" असे म्हणतो. त्याच वेळी शेजारी उभा असलेला त्याचा मित्र "हुबेहूब आला आहे" असा निर्वाळा देतो. दोघेही प्रामाणिक असतात. ह्या मतभेदाचे कारण शोधले असता वर सांगितलेल्या दोन रूपकांचाही काही उलगडा होतो.

प्रथम भाषेकडेच पाहावे. मराठी माणूस आरशात 'दिसतो', पण त्याचा फोटो 'येतो' किंवा 'निघतो'. 'मी आरशात बरा दिसतो' ह्या वाक्यात कर्ता मी आहे. 'माझा फोटो बरा येत नाही' ह्या वाक्यात कर्ता फोटो आहे आणि बोलणारा षष्ठीत सरकलेला आहे. 'फोटोत मी बरा दिसत नाही' अशी रचना होत नाही असे नव्हे. परंतु 'माझा आरसा बरा येत नाही' असे मात्र कोणी कधी म्हणणार नाही. आरशात 'पाहावयाचे' असते, फोटो 'काढून घ्यावयाचा' असतो, आणि 'घेणे' ह्या सहायक क्रियापदाने दुसऱ्या कोणाचा तरी हात त्या कृतीत गुंतला असल्याचे सुचविले जाते. तेव्हा आरशातील दर्शन हे स्वतःचे कर्तृत्व आणि फोटो ही स्वतःवर येणारी गोष्ट, असा भेद मराठीच्या वाक्यरचनेने आधीच करून ठेवला आहे. फोटो वाईट आला तर दोष फोटोचा, हे मराठीत व्याकरणानेच ठरते!

शब्दांचा इतिहासही बोधप्रद आहे. 'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श' ह्यापासून प्राकृत 'आयरिस' ह्या रूपातून आलेला आहे. संस्कृतात 'आदर्श' म्हणजे ज्यात पाहावयाचे ते, म्हणजे दर्पण. पुढे त्याच शब्दाला 'अनुकरणीय नमुना' हा अर्थ आला आणि मराठीने तद्भव व तत्सम अशी दोन्ही रूपे वेगवेगळ्या अर्थांनी ठेवून घेतली. साहित्य समाजाचा आरसा आहे असे म्हणणाऱ्याच्या मनात साहित्य समाजाचा आदर्श आहे ही कल्पना नकळत मिसळलेली असते. ह्या रूपकाला लाभलेल्या प्रतिष्ठेचे मूळ बहुधा ह्याच मिश्रणात असावे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या पत्राला 'दर्पण' हे नाव दिले तेव्हा छायाचित्रणाची कला जगात जाहीरही झालेली नव्हती. दागेर ह्याची कृती पॅरिसमध्ये प्रकट झाली ती १८३९ साली. यथार्थ दर्शनासाठी तोवर दर्पणाखेरीज दुसरे उपमान उपलब्धच नव्हते. उशिरा आलेले 'छायाचित्र' मात्र यंत्राचे अपत्य म्हणून आले आणि त्याला प्रारंभापासून कनिष्ठ स्थान मिळाले. मराठवाड्यात ह्या वस्तूंना आणखी दोन नावे आहेत : ऐना आणि तसबीर. दोन्ही फारसीतून उर्दूच्या वाटेने आलेली. हैदराबादच्या सहाव्या निजामाच्या पदरी लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) हे छायाचित्रकार होते व त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब मिळाला होता. 'मुसव्विर' आणि 'तसबीर' हे एकाच अरबी धातूचे शब्द आहेत. चित्र काढणारा आणि छायाचित्र घेणारा ह्यांत त्या दरबाराने शब्दाचा भेद केला नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

आता वस्तुस्थितीकडे वळावे. आरशातील मुख आणि छायाचित्रातील मुख ह्यांतील पहिला भेद दिशेचा. आरसा डावे-उजवे बदलतो असे म्हणण्याचा प्रघात आहे; काटेकोरपणे बोलावयाचे तर तो पुढचे-मागचे बदलतो आणि त्याचा परिणाम म्हणून पाहणाऱ्यास आपला भांग, आपला तीळ, आपली किंचित वर चढलेली भुवई ह्यांच्या बाजू इतरांना दिसतात त्याच्या उलट दिसतात. मनुष्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा कधीच नसतो. त्यामुळे ही अदलाबदल वाटते तितकी क्षुल्लक नाही. जन्मभर आरशात पाहिलेला चेहरा हा स्वतःखेरीज दुसऱ्या कोणीही कधी न पाहिलेला चेहरा होय.

दुसरा भेद अंतराचा, आणि समीक्षेच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. आरशापासून अर्ध्या मीटरवर उभ्या राहिलेल्या माणसाचे प्रतिबिंब आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते. म्हणजे तो स्वतःस एक मीटर अंतरावरून पाहत असतो. उलट हात लांबवून मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात भिंग मुखापासून अर्ध्या मीटरच्याही आत येते. इतक्या जवळून नाकाचा शेंडा भिंगाला फार जवळ आणि कान त्या मानाने फार दूर पडतात. नाक फुगते, कान आक्रसतात. सुमारे ३० सेंटिमीटरवरून घेतलेल्या छायाचित्रात नाकाची रुंदी चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसते, असे २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गणिताने दाखविले. ह्यात भिंगाची लबाडी नसते. त्या जागी डोळा ठेवला तर डोळ्यालाही तेच दिसेल. मात्र इतक्या जवळून कोणी कोणाचे मुख न्याहाळीत नाही. जुने छायाचित्रकार दीड-दोन मीटर मागे सरून का उभे राहत, ह्याचे उत्तर येथे मिळते. आरशाच्या काचेवर उमटणारी मुखाची आकृती प्रत्यक्षाच्या निम्मी असते आणि मागे-पुढे सरकल्याने तीत फरक पडत नाही, ही गोष्ट थंडीच्या दिवसांत काचेवर साचलेल्या वाफेत बोटाने रेघ ओढून कोणासही पडताळता येते. हे निम्मेपण पाहणाऱ्याच्या लक्षात कधी येत नाही. म्हणजे आरसाही मनाने दुरुस्त केल्यावाचून पाहिला जात नाही.

तिसरा भेद काळाचा. आरशात मनुष्य चेहरा हलवितो, पसंत नसेल तर मान किंचित वळवितो, ओठ मिटतो. पाहणे आणि सुधारणे ही तेथे एकच क्रिया असते. शिवाय तेथे तो सदैव स्वतःच्या डोळ्यांत पाहत असतो. दुसरीकडे पाहणारा स्वतः कसा दिसतो हे एका आरशात त्यास कधीच कळत नाही. छायाचित्र एका सेकंदाच्या शंभराव्या अंशात पापणीची अर्धवट मिटलेली अवस्थाही पकडून ठेवते. ती अवस्था खरी असते, पण प्रत्यक्ष व्यवहारात डोळा ती टिपून घेत नाही.

ह्या तिन्ही भेदांच्या मुळाशी असलेले मानसिक कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. केवळ वारंवार परिचयाने वस्तू आवडू लागते हा सिद्धान्त रॉबर्ट झायन्स ह्यांनी १९६८ साली मांडला. पुढे १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट ह्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला : एकाच व्यक्तीचे सरळ छायाचित्र आणि तेच उलट छापलेले, म्हणजे आरशातल्यासारखे, छायाचित्र अशी दोन चित्रे तिच्यापुढे व तिच्या मित्रमंडळींपुढे ठेवली. व्यक्तीने बहुधा उलटे चित्र पसंत केले, तर मित्रांनी सुलटे. जो चेहरा ज्याच्या नित्य परिचयाचा तो त्यास बरा वाटला. जळकोटचा विद्यार्थी आणि त्याचा मित्र ह्यांच्यातील वादाचा निकाल असा लागतो की दोघेही आपापल्या सवयीच्या मुखाची बाजू घेत होते.

भाषेच्या अभ्यासकास ह्या घटनेचे जुळे भावंड परिचित आहे. स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज प्रथम ऐकणारा मनुष्य दचकतो, आणि "माझा आवाज असा नाही" असे हमखास म्हणतो. बोलणाऱ्यास स्वतःचा आवाज हवेतून जसा ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडांतून येणारा भाग खर्जाला पुष्टी देतो. जेओर्ग फॉन बेकेशी ह्यांनी १९४९ साली ह्या विषयावर निबंध लिहिला. श्रवणाच्या शास्त्रातील कार्यासाठी त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्रातून आलेला आवाज खर्ज वजा होऊन येतो, म्हणून तो परका, पातळ वाटतो. इतरांनी मात्र त्याचा आवाज नेहमी तसाच ऐकलेला असतो.

येथून बोलीच्या प्रश्नाकडे जाणे क्रमप्राप्त आहे. आपली बोली मनुष्य आतून ऐकतो. छापलेल्या पानावर ती बाहेरून पाहावी लागते. जळकोट हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, पण त्याच्या सीमेला नांदेड जिल्ह्यातील मुखेड आणि कंधार हे तालुके लागून आहेत. प्रमाण मराठीतील 'काय करतो आहेस?' ह्या प्रश्नाला उदगीर-लातूरकडे 'काय करलालास?' असे रूप आहे, तर नांदेड-परभणीकडे 'काय करायलास?' असे. पहिल्याच्या मुळाशी 'करू लागला' आणि दुसऱ्याच्या मुळाशी 'करायला लागला' ही जोडक्रियापदे आहेत, अशी उपपत्ती लावता येण्यासारखी आहे. दोहोंत 'लाग' धातू झिजून प्रत्ययरूप झालेला दिसतो. जळकोटच्या आठवडी बाजारात ही दोन्ही रूपे कानी पडतात आणि कोणी कोणास हसत नाही. परंतु तेच 'करलालास' कथेतील संवादात छापून आले की ह्याच भागातील शिकलेला वाचक अस्वस्थ होतो. 'आम्ही इतके काही असे बोलत नाही' ही त्याची तक्रार असते. प्राध्यापकांच्या खोलीत हीच तक्रार अधिक सभ्य शब्दांत होते : बोलीचे चित्रण अतिरंजित वाटते.

ही तक्रार समीक्षेने पुरावा म्हणून स्वीकारावी काय? वरील विवेचन ध्यानात घेतले तर नाही. ती परिचयाच्या अभावातून उद्भवलेली असते. मराठवाड्यातील वाचकाने छापील पानावर आयुष्यभर प्रमाण भाषा पाहिलेली आहे. तीच त्याचा आरसा झालेली आहे, आणि तीत तो स्वतःस उलटे पाहावयास शिकलेला आहे. बोली छापून आली म्हणजे प्रथमच त्याच्या पुढे छायाचित्र येते. मात्र वाचक दचकला म्हणून चित्रण अचूक आहे असेही ठरत नाही. दचकणे हे दोन्ही पक्षी निरुपयोगी प्रमाण होय. लेखक किती अंतरावर उभा होता हे पाहावे लागते.

अंतराचे हे तत्त्व लावून पाहिले असता ग्रामीण लेखनातील एक दोष नेमकेपणाने सांगता येतो. काही लेखक बोलीच्या इतके जवळ भिंग नेतात की तिचे नाक तेवढे मोठे होते. 'मपलं', 'तुपलं', 'करलालो', 'हाव' अशी चार-सहा ठळक रूपे प्रत्येक वाक्यात पेरली जातात. परंतु त्याच बोलीचा वाक्यक्रम, तिच्यातील अर्धवट सोडलेली वाक्ये, वडीलधाऱ्यांशी बोलताना बदलणारी क्रियापदे, उर्दूतून आलेल्या शब्दांची नेमकी अर्थच्छटा हे सर्व आक्रसून जाते. अशा पृष्ठावरील एकही रूप खोटे नसते. प्रमाण मात्र खोटे असते. परभाषक अधिकाऱ्याने टिपून घेतलेल्या बोलीची आणि गावातच जन्मलेल्या पण नाकावरच नजर ठेवणाऱ्या लेखकाच्या बोलीची अवस्था अखेरीस एकच होते.

अधिकाऱ्यांच्या टिपणांचा उल्लेख आला तेव्हा ग्रिअर्सन ह्यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाकडे वळणे अवश्य आहे. ह्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड स्टेन कोनो ह्यांनी सिद्ध केला व तो १९०५ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक बोलीचा नमुना घेताना तीन गोष्टी मागविल्या जात : बायबलमधील उधळ्या मुलाच्या गोष्टीचे त्या बोलीतील भाषांतर, स्थानिक माणसाने स्वतः सांगितलेला एखादा मजकूर, आणि शब्दांची व वाक्यांची ठराविक यादी. पहिला नमुना म्हणजे पडद्यापुढे खुर्चीवर ताठ बसवून घेतलेले छायाचित्र होय. कोट दुसऱ्याचा, बैठक दुसऱ्याची, मुख तेवढे आपले. दुसरा नमुना त्या मानाने मोकळा असे, आणि बोलींचा अभ्यासक आजही आधी त्याच्याकडे वळतो. परंतु मराठवाड्याच्या वाट्याला हे अवघडलेले छायाचित्रही आले नाही. मद्रास आणि ब्रह्मदेश ह्या प्रांतांप्रमाणे हैदराबाद आणि म्हैसूर ही संस्थाने सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली होती. वऱ्हाडी आणि नागपुरी ह्यांचे नमुने छापले गेले. हैदराबाद संस्थानातील मराठीचा प्रदेश चौकटीबाहेर राहिला. पुढे अमृत माधव घाटगे ह्यांनी गेल्या शतकाच्या सातव्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी पुस्तके प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तीही दक्षिण कानडा, कुडाळ, काणकोण अशी पश्चिम किनाऱ्याकडची होती. ज्याचे छायाचित्र फारसे कोणी घेतलेच नाही त्याने आपल्या पहिल्या छायाचित्राकडे पाहून चमकावे ह्यात नवल नाही.

शास्त्राने सोडलेले हे काम मराठवाड्यात प्रथम ललित लेखकांनी अंगावर घेतले. रा. रं. बोराडे हे लातूरच्या मातीतले. त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. ती गंगाराम शिंप्याची बायको पार्वती हिच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि केवळ संवादच नव्हे तर निवेदनही बोलीत आहे. ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व 'बनगरवाडी'शी (१९५५) तुलना केली असता कळते. व्यंकटेश माडगूळकरांच्या त्या श्रेष्ठ कादंबरीत निवेदक हा बाहेरून गावात आलेला तरुण मास्तर आहे; तो प्रमाण भाषेत सांगतो आणि गावकरी त्यांच्या बोलीत बोलतात. अवतरणचिन्हे ही तेथे छायाचित्राच्या चौकटीसारखी आहेत. मास्तर नेमक्या अंतरावर उभा आहे, म्हणून नाक फुगलेले नाही. परंतु तो चौकटीच्या बाहेर आहे हे खरेच. 'पाचोळा'त चौकटीबाहेर कोणी उरलेलाच नाही. पार्वती दुसऱ्यांना पाहते त्याच बोलीत स्वतःलाही पाहते. तिच्या बोलण्याला शेजारी प्रमाण भाषेची पट्टी नसल्यामुळे, काही पाने ओलांडल्यावर वाचकास ती बोली म्हणून जाणवेनाशी होते. परिचयाचा नियम येथे कादंबरीच्या बाजूने काम करतो. आरसा हे उपमान मराठी कादंबरीला लावावयाचेच असेल तर ते अशा कृतीला काही अंशी लागू पडेल. 'पाचोळा' हे ग्रामीण जीवनाचे छायाचित्र आहे असे म्हणणाऱ्या समीक्षकाने मात्र ते छायाचित्र कोणी, कोठे उभे राहून घेतले हे सांगावयास हवे. आणि ते सांगता येणार नाही.

लातूर जिल्ह्यातीलच लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या 'उचल्या' (१९८७) ह्या आत्मकथनापुढे दोन्ही उपमाने अपुरी पडतात. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आत्मकथन असल्यामुळे त्याला आरसा म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याचे शीर्षक पाहावे. 'उचल्या' हे नाव त्या जमातीने स्वतःस दिलेले नाही. ते गावाने, चौकीने आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने दिलेले नाव आहे. म्हणजे इतरांनी काढलेली तसबीर लेखकाने पुस्तकाच्या दर्शनी टांगली आणि आतील पानांत ती मुखाशी ताडून पाहिली. जमातीतील माणसाने भाकरीसाठी केलेली चोरी तो झाकत नाही, कारण छायाचित्रातील तो भाग खोटा नाही; ती चोरी करण्यावाचून दुसरा मार्ग का उरला नाही हे तो सांगतो, कारण ते छायाचित्रात आलेले नाही. ह्या पुस्तकाचे 'समाजाचा आरसा' म्हणून केलेले स्वागत समाजाला सोयीचे होते. आरसा म्हटले की पाहणारा तोच आणि दिसणाराही तोच ठरतो. येथे पाहणारा समाज एक होता आणि दिसणारा दुसरा, ही अडचणीची गोष्ट त्या स्तुतीने झाकली गेली.

जळकोट, मुखेड, कंधार ह्या पट्ट्यात बंजाऱ्यांचे अनेक तांडे आहेत. तेथील वृद्ध स्त्रियांच्या कांचळीवर अजूनही आरशाचे तुकडे जडविलेले दिसतात. ते घालणारीला त्यांत स्वतःचे मुख दिसत नाही. समोरच्याला त्याचे दिसते, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. आरशाचा हा प्रकार मराठी समीक्षेच्या उपमानांत अद्याप आलेला नाही.

राहता राहिला अध्यापनाचा भाग. डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अलीकडे मराठी बोलींचे जे सर्वेक्षण केले त्यातील ध्वनिमुद्रणे आता महाजालावर ऐकावयास मिळतात. पदव्युत्तर वर्गात ग्रामीण कादंबरी शिकविण्यापूर्वी अशी ध्वनिमुद्रणे दोन-तीन तास ऐकविली आणि त्यानंतर 'करलालास' असलेले पृष्ठ पुढे ठेवले, तर 'अतिरंजित' हा शेरा किती विद्यार्थी कायम ठेवतात हे मोजता येईल. तोच मजकूर पुण्याच्या आणि नागपूरच्या विद्यार्थ्यांपुढेही ठेवावा लागेल. मिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात व्यक्तीइतकेच तिच्या मित्रांचेही मत घेतले होते. बोलीच्या बाबतीत ही दुसरी बाजू अद्याप कोणी विचारलेली दिसत नाही.